१६ म्हणजे नेमकं किती? पडद्यावरच्या मराठी अक्षरांची मापं

पन्हाळा तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या ओट्यावर, सकाळच्या संकलनाच्या वेळी, एक आबा मोबाइल हातभर लांब धरून उभे होते. पडद्यावर आमच्या दूध संकलनाच्या ॲपसाठी मी काढलेली पावती होती: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर, रक्कम. त्यांनी फोन अजून थोडा लांब नेला, मान मागे घेतली आणि म्हणाले, "ताई, ह्ये मुंग्यांगत दिसतंय बघ. जरा मोठं कर की."

मी म्हटलं, "आबा, फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं करता येतं. करून देऊ?"

"नातवानं केलंय की." त्यांनी व्हॉट्सॲप उघडून दाखवलं. तिथली अक्षरं हरभऱ्यासारखी टपोरी दिसत होती. आमच्या ॲपमधली मात्र जिथल्या तिथे.

त्या पावतीला मी १४ हा आकडा दिला होता. तो कशाचा १४, हे मी प्रोग्रॅमरला सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं. कोल्हापुरात २००३ साली एका छापखान्यात डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवणं, शिकायला लागले तेव्हापासून मी अक्षरांच्या मापांत वावरते आहे. आधी लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं, मग वेबसाइट, आता ॲप. माध्यम बदललं की तोच आकडा वेगळा अर्थ घेऊन येतो, आणि मराठीत काम करताना त्यात आणखी एक गाठ पडते. ती गाठ कशी सोडवायची ते इथे सांगते. तुम्ही फिग्मात, म्हणजे पडदे आखायच्या प्रोग्रॅममध्ये, ॲप काढत असा, गणेशोत्सव मंडळाची पोस्ट करत असा किंवा स्वतःची वेबसाइट उभी करत असा, उपयोग होईल.

आधी दोन खिळे हातात घ्या

आमच्या छापखान्याच्या मागच्या खोलीत जुन्या खिळ्यांचे, म्हणजे छपाईच्या शिशाच्या सुट्या अक्षरांचे, लाकडी खण होते. ऑफसेट आल्यापासून त्यांना कोणी हात लावत नव्हतं, पण मालकांनी ते मोडीत घातले नव्हते. एक वयस्कर जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे, अजून कामावर यायचे, प्रुफं तपासायला. सगळे त्यांना काका म्हणायचे. मी सारखी "फॉन्ट मोठा करू का, बारीक करू का" विचारते म्हणून त्यांनी एके दिवशी माझ्या तळहातावर दोन खिळे ठेवले. एकावर "क" होता, दुसऱ्यावर पूर्णविराम. दोन्ही बारा पॉइंटचे.

"सांग, यात बारा पॉइंट कुठं आहे?"

"क" बघून काहीतरी सांगता आलं असतं. पण पूर्णविराम मोहरीएवढा होता, त्यात कुठले बारा पॉइंट? काकांनी दोन्ही खिळे शेजारी शेजारी उभे केले आणि त्यांच्या कडांवरून नख फिरवलं. दोन्हींचं अंग तंतोतंत सारखं. बारा पॉइंट होते ते त्या शिशाच्या ठोकळ्याचे, वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत. त्यावर कोरलेलं अक्षर त्या जागेत कुठेही आणि कितीही मोठं असू शकतं.

शिसं गेलं, ठोकळा राहिला. आज फॉन्टच्या फाइलमध्ये प्रत्येक अक्षर एका अदृश्य चौकोनात काढलेलं असतं. त्याला "एम" म्हणतात. फॉन्ट बनवणारे हा चौकोन साधारणपणे १००० किंवा २०४८ समान भागांत वाटून घेतात आणि त्या जाळीवर अक्षर आखतात. तुम्ही "फॉन्ट साइज १६" म्हणता तेव्हा हा चौकोन १६ चा होतो. "क" त्यातला किती भाग व्यापेल हे फॉन्ट आखणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

देवनागरीत हा हिशेब जास्त अवघड, कारण अक्षराच्या डोक्यावरही संसार असतो आणि पायाखालीही. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, पाय मोडल्याची खूण आणि एकाखाली एक बसणारी जोडाक्षरं. काही जण हे सगळं चौकोनाच्या आसपास बसावं म्हणून मूळ अक्षर लहान आखतात. काही जण मूळ अक्षर ऐसपैस ठेवतात आणि वेलांट्या चौकोनाबाहेर जाऊ देतात. दोन्ही रीती बरोबरच आहेत. फक्त आकडा सारखा ठेवून फॉन्ट बदलला की मजकूर एकदम लहान किंवा मोठा का वाटतो, त्याचं कारण हे.

म्हणून नवा फॉन्ट हाती आला की मी पहिलं काम करते ते मोजायचं. फिग्मात "क" लिहा, साइज १०० ठेवा, अक्षराची आउटलाइन करा आणि शिरोरेघेच्या वरच्या कडेपासून दांड्याच्या टोकापर्यंतची उंची बघा. मुक्ता, हिंद, पॉपिन्स, नोटो सान्स देवनागरी, जे वापरता त्या सगळ्यांचं एकदा मोजून वहीत लिहून ठेवा. समजा एका फॉन्टात ही उंची ५८ आली आणि दुसऱ्यात ६६. मग पहिल्यातलं १६ हे दुसऱ्यातल्या १४ च्या बरोबरीचं झालं, कारण १६ ला ५८ ने गुणून ६६ ने भागलं की १४ च्या जवळ येतं. क्लायंट "फॉन्ट बदला, बाकी तसंच ठेवा" म्हणतो तेव्हा हा हिशेब पाच मिनिटांत करून द्यायचा. तिथे नजरेच्या अंदाजावर विसंबू नका.

पॉइंट, पिक्सेल आणि एकच शब्द तीन ठिकाणी

छपाईत पॉइंट हे लांबीचं खरंखुरं माप आहे. आजच्या संगणकी छपाईत एका इंचात ७२ पॉइंट. म्हणजे १२ पॉइंटचा चौकोन ४.२३ मिलिमीटरचा, मग कागद कोल्हापुरात छापा नाहीतर कुडाळात.

पडद्यावर ही खात्री संपते. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशचा पडदा इंचाला ७२ ठिपक्यांचा होता, त्यामुळे तिथे एक पॉइंट म्हणजे एक पिक्सेल असं सरळ बसत होतं. विंडोजने इंचाला ९६ धरले. पुढे वेबच्या नियमांनी ९६ हाच आकडा पक्का केला. त्यामुळे वेबवर १२ पॉइंट म्हणजे १६ पिक्सेल. पॉइंटला चाराने गुणा, तीनाने भागा, झाले पिक्सेल.

पण हा वेबवरचा पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा एकेक दिवा नव्हे. तो मानलेला पिक्सेल आहे. ९६ च्या पडद्यावरचा एक ठिपका, हात लांब करून, म्हणजे २८ इंचांवरून जेवढा दिसतो, तेवढा. फोन आपण डोळ्यांच्या जवळ धरतो, म्हणून फोनवर तोच पिक्सेल मोजायला बारीक असतो आणि दिसायला साधारण तेवढाच. आजच्या फोनवर असा एक मानलेला पिक्सेल दोन किंवा तीन खऱ्या ठिपक्यांच्या रुंदीचा असतो. "२एक्स", "३एक्स" म्हणतात ते हेच.

आता गोंधळ बघा. ॲपल आपल्या आयफोनच्या मापालाही "पॉइंट"च म्हणतं. आयफोनमधल्या मुख्य मजकुराचं नेहमीचं माप १७ पॉइंट आहे, पण छापील १७ पॉइंटशी त्याचं काही नातं नाही. कागदावरचा १७ पॉइंटचा चौकोन ६ मिलिमीटरचा, आयफोनवरचा पावणेतीनच्या आसपास. आणि फोटोशॉपमधला पॉइंट तिसराच. तिथे तो फाइलच्या रेझोल्यूशनवर, म्हणजे इंचाला किती पिक्सेल यावर, अवलंबून असतो. ७२ च्या फाइलमध्ये १२ पॉइंट म्हणजे १२ पिक्सेल, ३०० च्या फाइलमध्ये तेच १२ पॉइंट म्हणजे ५० पिक्सेल. त्यामुळे कोणी "बारा पॉइंट ठेवलंय" म्हणालं की मी लगेच विचारते, "कुठल्या फाइलमध्ये आणि जाणार कुठे?"

फोनवर: डीपी की एसपी

अँड्रॉइडने वेगळी मापं काढली. डीपी हे इंचाला १६० असं मानलेलं माप. ३२० च्या पडद्यावर एक डीपी दोन ठिपक्यांचा, ४८० च्या पडद्यावर तीनांचा. त्या हिशेबाने १६ चा चौकोन फोनवर इंचाचा दहावा भाग, म्हणजे २.५४ मिलिमीटर भरतो. कागदावर १६ पिक्सेलइतका म्हणजे १२ पॉइंटचा चौकोन ४.२३ मिलिमीटर होता, हे लक्षात ठेवा. फोन जवळ धरला की हा फरक डोळ्याला जाणवत नाही. पण ज्यांना चाळिशी लागून चष्मा नाही किंवा गोठ्यात येताना जे चष्मा घरी ठेवून येतात, ते फोन लांब धरतात. मग २.५४ मिलिमीटर खरोखर २.५४ च उरतात.

एसपी हा डीपीचा सख्खा भाऊ. फरक एकच, वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये अक्षर मोठं केलं की एसपी वाढतो, डीपी वाढत नाही. आमच्या पावतीत सगळी अक्षरं डीपीत होती. आबांच्या नातवाने सेटिंगमध्ये केलेली वाढ तिथपर्यंत पोचतच नव्हती. मांडणी मोडू नये म्हणून प्रोग्रॅमरने डीपी वापरलं होतं आणि त्या वेळी मलाही ते सोयीचं वाटलं होतं. मांडणी अजिबात मोडली नाही, आणि आबांना रक्कम वाचता आली नाही.

नियम सरळ आहे. चित्रं, बटणं, कडांची मोकळी जागा डीपीत. वाचायचं प्रत्येक अक्षर एसपीत. आयफोनवर ठराविक आकडा टाकण्याऐवजी ॲपलच्या ठरलेल्या मजकूर-शैली वापरा, त्या सेटिंगप्रमाणे आपोआप वाढतात. २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून अक्षरं दुपटीपर्यंत वाढवता येतात, आणि आधीच मोठी असलेली अक्षरं तिथे कमी प्रमाणात वाढतात, म्हणजे मथळा पडद्याबाहेर जात नाही. फिग्मातली फ्रेम प्रोग्रॅमरकडे देताना मी आता आकड्यापुढे एकक लिहितेच: "१८ एसपी, ओळ २९ एसपी". आकडा एकटा सोडत नाही.

वेबवर: एम आणि रेम

वेबसाइटवर पिक्सेलमध्ये माप दिलं तर पान झूम करताना अक्षर वाढतं, पण ज्याने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये मूळ अक्षराचं माप १६ वरून २० केलं आहे त्याला काही फायदा मिळत नाही. त्यासाठी रेम. एक रेम म्हणजे पानाच्या मुळाशी ठरलेलं माप, सहसा १६ पिक्सेल. वाचकाने ते २० केलं की तुमचं सगळं पान त्या प्रमाणात वाढतं.

एम मात्र जपून. वेबवर एम हेही एक माप आहे, पण तो आपल्या लगतच्या आईबापाकडे, म्हणजे ज्या घटकाच्या आत तो आहे त्याच्या अक्षराच्या मापाकडे बघतो, मुळाकडे नाही. यादीला ०.९ एम दिलं, यादीच्या आत यादी आली, तिच्या आत अजून एक आली, की १६ चे १४.४, मग १२.९६, मग ११.६६. सरकारी योजनेच्या अटींची अशी तीन पातळ्यांची यादी मी एकदा दुरुस्त केली आहे. ज्या ओळीत "कागदपत्रे अपूर्ण असल्यास अर्ज रद्द होईल" असं होतं, तीच सगळ्यांत बारीक झाली होती. अक्षरासाठी रेम, आणि अक्षराच्या मापाला चिकटून राहायला हवी अशी आजूबाजूची जागा एममध्ये, एवढं पाळलं तरी बरंच निभतं.

आणखी एक, फॉर्म बनवणाऱ्यांसाठी: आयफोनच्या सफारीत लिहायच्या रकान्याचं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असलं की रकान्याला बोट लावताच पान आपोआप मोठं होतं आणि अर्धा फॉर्म बाजूला जातो. रकान्याला १६ च्या खाली जाऊच नका.

व्हॉट्सॲपवर जाणारी पत्रिका

हे सगळ्यांत जास्त लोकांना लागणारं प्रकरण आहे. पत्रिका ए५ आकारात, ३०० रेझोल्यूशनवर केली. पत्ता १० पॉइंटात, छापून आल्यावर छान वाचता येतो. मग तीच फाइल जेपीजी करून व्हॉट्सॲपवर फिरते. ए५ ची रुंदी १४८ मिलिमीटर, फोनच्या पडद्याची ६८ च्या आसपास. सगळं चित्र निम्म्याहून थोडं लहान झालं, म्हणजे १० पॉइंट उरले ४.६. नाव वाचता येतं, कार्यालयाचा पत्ता येत नाही. मग फोन येतात, "अहो, कार्यालय नक्की कुठंय?"

चित्रातल्या अक्षराला ना एसपी मदत करतो ना रेम. ते चित्राबरोबर आक्रसतं. म्हणून फोनसाठी वेगळी फाइल करा आणि हिशेब उलटा लावा. पुष्कळ अँड्रॉइड फोनची रुंदी ३६० डीपी धरली जाते. तुमचा कॅनव्हास १०८० पिक्सेल रुंद असेल तर तो फोनवर तिसरा हिस्सा होऊन दिसणार. फोनवर १६ इतकं दिसायला हवं असेल तर कॅनव्हासवर ४८ लिहा. २४ लिहिलंत तर लोकांना ८ दिसेल. मंडळाच्या पोस्टवर खाली देणगीदारांची नावं २० मध्ये कोंबलेली असतात, ती कोणालाच वाचता येत नाहीत, ज्यांची आहेत त्यांनाही नाही. नावं जास्त असतील तर दुसरी पोस्ट करा. त्या लोकांनी पैसे दिलेले असतात, त्यांचं नाव दिसायला हवं.

काम झालं की चित्र स्वतःच्या फोनवर पाठवा आणि झूम न करता वाचा. लॅपटॉपवर बघून ठरवू नका.

ओळीची उंची: इथे मराठी खरी अडते

दुसऱ्या खेपेला मी ओट्यावर गेले तेव्हा अक्षरं एसपीत आणली होती. आबांच्या फोनवर ती छान मोठी झाली. मी खुश. आबांनी पावती धरली आणि वाचली, "म्हशीचं दध." मग थांबून, "एकण?"

मी फोन हातात घेतला. "दूध"चा दीर्घ ऊकार दिसत नव्हता. "एकूण"चाही नाही. अक्षर वाढलं होतं, पण ओळीच्या पेटीला २८ डीपी अशी ठराविक उंची दिलेली होती, ती वाढली नव्हती. वाढलेल्या अक्षराचे पाय पेटीच्या तळाशी कापले गेले.

इंग्रजीत असं झालं तर अक्षराचं एखादं शेपूट जातं, शब्द तरी ओळखता येतो. मराठीत पायाखाली स्वर असतो. तो गेला की "मूल"चं "मल" होतं, "कुळ"चं "कळ" होतं. डोक्यावरचा रफार गेला की "सर्व"चं "सव". अनुस्वार गेला की "गंध"चं "गध". हा निव्वळ देखणेपणाचा प्रश्न नाही. पावतीवर, औषधाच्या सूचनेवर, सातबाऱ्याच्या उताऱ्यावर अर्थ बदलतो.

उपाय दोन. पेटीला ठराविक उंची देऊच नका, किमान उंची द्या, म्हणजे अक्षर वाढलं की पेटी वाढते. आणि ओळीची उंची मराठीच्या मापाने ठरवा. इंग्रजीसाठी १.४ किंवा १.५ पट चालून जातं. मराठी परिच्छेदाला मी १.६ ते १.७ पट देते. मथळ्याला इंग्रजी डिझायनर १.१ देतात, तिथे मराठीत १.३५ च्या खाली मी जात नाही, कारण दोन ओळींचा मथळा असला की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकींत घुसतात. वेबवर ही पट नुसत्या आकड्यात लिहा, १.६ अशी. पिक्सेलमध्ये लिहिली तर मुख्य मजकुराची २६ पिक्सेलची ओळ ४० च्या मथळ्यालाही वारशाने मिळते.

तपासण्यासाठी माझा ठरलेला शब्द आहे: विठ्ठलमूर्तींपुढे. यात ठ्ठ आहे, जो काही फॉन्टांत एकाखाली एक बसतो आणि खोल जातो. मू आणि पु मध्ये पायाखालचे दोन्ही उकार आले. र्तीं मध्ये रफार, दीर्घ वेलांटी आणि अनुस्वार एकाच डोक्यावर. हा शब्द सलग तीन ओळींत लिहा, एकाखाली एक. काहीही कापलं जात नसेल आणि कुठे काही चिकटत नसेल तर बाकीची मराठी सुखरूप बसेल. "लोरेम इप्सम" हा नमुन्याचा लॅटिन मजकूर टाकून मराठी ॲपची मांडणी मंजूर करून घेऊ नका. नुसतं "नमुना मजकूर" लिहूनही नको. त्यातही फक्त दोन उकार आहेत, रफार नाही की अनुस्वार नाही, आणि डोक्यावर काहीच नाही.

मराठीला कॅपिटल नाहीत

इंग्रजी ॲपमध्ये छोटी लेबलं ११ किंवा १२ मध्ये, सगळी कॅपिटल, अक्षरांत थोडं अंतर टाकून लिहायची पद्धत आहे. कॅपिटल अक्षरं उंच असतात म्हणून ११ वर निभावून जातात. तीच फाइल मराठीत आणताना भाषांतर करणारा फक्त शब्द बदलतो, ११ तसंच राहतं आणि अंतरही तसंच राहतं. मग दोन गोष्टी बिघडतात. ११ वर "क्ष", "ष", "झ", "ह्य" यांची पोटं भरून जातात, त्यातही ठळक वजन, म्हणजे अक्षराची जाडी जास्त, असेल तर अक्षर म्हणजे नुसता डाग. आणि अक्षरांत अंतर टाकल्यामुळे शिरोरेघ तुटते, शब्द सुटे पडतात. मराठीत अक्षर-अंतर शून्यच ठेवा.

लेबल आणि मजकूर वेगळे दिसावेत म्हणून आपल्याकडे तीन हत्यारं आहेत: माप, वजन आणि रंग. लेबल १५ साधं आणि करड्या रंगात, आकडा २२ मध्यम वजनात, एवढ्याने काम होतं. करडा रंगही फार फिका नको. वेब सुलभतेच्या नियमांत, डब्ल्यूसीएजीमध्ये, साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी ४.५ ला १ इतका फरक मागितला आहे. २४ पिक्सेल किंवा त्याहून मोठ्या अक्षराला, आणि ठळक असेल तर सुमारे १८.७ पिक्सेलपासून पुढे, ३ ला १ चालतो. मराठीच्या बारीक वेलांट्या उन्हात आधी नाहीशा होतात, म्हणून मी मोठ्या अक्षरालाही ४.५ च धरते.

त्याच नियमांत मजकूर २०० टक्के मोठा केला तरी काही हरवू नये, असंही आहे. "दूध"चं "दध" होणं म्हणजे हरवणंच.

मराठीत इंग्रजी मिसळतं तेव्हा

पावतीत "एसएनएफ" आम्ही देवनागरीत लिहिलं, पण गावाचा कोड आणि बँकेचा आयएफएससी रोमन लिपीतच द्यावा लागला. देवनागरी एका फॉन्टातून आणि रोमन दुसऱ्यातून आलं की एकाच ओळीत दोन मापं दिसतात. सोपा मार्ग म्हणजे दोन्ही लिप्या एकमेकींशी जुळवून आखलेल्या फॉन्टातून घ्या. वर सांगितलेले मुक्ता, हिंद आणि पॉपिन्स तिन्ही तसे आहेत. दोन फॉन्ट जोडावेच लागले तर वेबवर फॉन्टच्या नोंदीत "साइज-ॲडजस्ट" नावाची सोय आहे, तिथे ११० टक्के, ११५ टक्के असं देऊन एकाला दुसऱ्याच्या जवळ आणता येतं. किती द्यायचं? "क"ची उंची आणि रोमन लहान "एक्स"ची उंची शेजारी ठेवून बघा. माझ्या नजरेला रोमन लहान अक्षर "क"पेक्षा थोडं बुटकं आणि रोमन कॅपिटल थोडं उंच, असं बसलेलं बरं वाटतं.

शेवटी पावतीत काय ठेवलं

आकडे देते, कारण नुसत्या तत्त्वांवर कोणाची फाइल पूर्ण होत नाही. फॉन्ट मुक्ता. रक्कम २८ एसपी ठळक, कारण आबा आधी तेच बघतात. लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर यांचे आकडे २२ एसपी मध्यम. त्यांची लेबलं १६ एसपी साधी. तारीख आणि सकाळ-संध्याकाळ १६. पंधराच्या खाली पावतीवर एकही अक्षर नाही. ओळीची उंची लेबलांना १.६, रकमेला १.४. पेट्यांना फक्त किमान उंची. अक्षर दुपटीला गेलं की लेबल आणि आकडा एका ओळीतून सुटून एकाखाली एक येतात. पावती लांबते, बोटाने वर सरकवावी लागते, पण काहीही कापलं जात नाही.

आकडे देवनागरीत की इंग्रजीत यावर बरीच चर्चा झाली. संस्थेतल्या फॅट मशीनवर इंग्रजी आकडे दिसतात आणि शेतकरी मशीनशी पावती ताडून बघतात, म्हणून आम्ही इंग्रजी ठेवले. देवनागरी ठेवणार असाल तर १ आणि ९ शेजारी लिहून लहान मापावर तपासा. काही फॉन्टांत ते दुरून एकसारखे दिसतात, आणि ६.१ फॅट आणि ६.९ फॅट यांत पैशाचा फरक आहे.

तिसऱ्या खेपेला मी फोन घेऊन ओट्यावर उन्हात उभी राहिले, सेटिंग दुपटीवर नेलं आणि आबांना न सांगता पावती पुढे केली. त्यांनी फोन नेहमीसारखा हातभर लांब धरला. "म्हशीचं दूध, चार पॉइंट दोन लिटर, फॅट सहा पॉइंट आठ," असं वाचत वाचत रकमेवर आले, मान हलवली आणि रिकामी किटली उचलून निघाले.